गाडीच्या पॉलिशिंगचा पॅड: निवड, वापर आणि निगा

पावसाळा सरतो, चवथ आटोपते आणि दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुऊन अंगणात उभी केली, की पहिल्याच कडक उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोलाकार ओरखडे दिसू लागतात. चार महिने उडालेली तांबडी माती कोरड्या फडक्याने पुसत राहिल्याची ती खूण असते. या दिवसांत गोव्यात फोंड्यातील माझ्या लहानशा गॅरेजमध्ये हे ओरखडे काढण्याचे, म्हणजे पॉलिशिंगचे काम शिकू पाहणारी मुले येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणते मशीन घ्यावे, हाच असतो. मशीनचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मशीन रंगाला कधीच शिवत नाही, रंगाला भिडतो तो मशीनच्या तोंडावर बसवलेला पॅड, आणि त्यामुळे काम साधले की बिघडले याचा निकाल बहुतेक वेळा पॅडच्या निवडीत आणि त्याच्या स्वच्छतेत लागतो, असे इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे. म्हणून या लेखात पॅडबद्दलच सविस्तर लिहीत आहे.

आधी रंगाची जाडी समजून घ्यावी

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ असतो. पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करावा लागतो, आणि असा घासून गेलेला थर पुन्हा येत नाही. रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्येही याच थरात असल्यामुळे, आपल्याकडे बारा महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो थर जपून खर्चायची पुंजी समजावा. जाडी मोजण्याचे यंत्र जवळ असेल तर प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवावेत. मात्र साधे यंत्र धातूच्या पत्र्यावरच चालते, सगळ्या थरांची एकत्रित जाडी दाखवते आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर निरुपयोगी ठरते. ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. त्याची धार बोथट करून तो नजरेआड जाईल इतपतच काम करावे.

लोकर, मायक्रोफायबर आणि फोम

लोकरीचा पॅड सर्वांत जलद कापतो. त्याच्या तंतूंमधून हवा खेळत असल्याने तो फोमच्या तुलनेत थंडही चालतो. पिळदार लोकर जास्त खरखरीत आणि कोकराची मऊ लोकर थोडी सौम्य असते, पण दोन्हींच्या मागे धूसरपणा उरतो आणि रोटरी मशीनवर (ज्याचे डोके फक्त स्वतःभोवती फिरते) लोकर चुकीच्या हाताने फिरली तर उन्हात हलणाऱ्या चमकदार पट्ट्या, ज्यांना आपण होलोग्राम म्हणतो, त्या उमटतात. नवशिक्याने सुरुवात लोकरीने करू नये.

मायक्रोफायबरचा पॅड म्हणजे फोमच्या पातळ गादीवर आखूड तंतूंचे कापड. डीए मशीनवर (ज्याचे डोके फिरता फिरता डोलतेही) तो चांगला कापतो, परंतु त्याचे तंतू घासलेल्या रंगाने आणि वाळलेल्या कंपाउंडने, म्हणजे जास्त कापणाऱ्या खरखरीत पॉलिशने, लवकर चिकटतात, आणि चिकटलेले तंतू म्हणजे शेकडो लहान काड्याच होत. मऊ रंगावर तो अतिशय बारीक, धुक्यासारखे ओरखडे सोडतो, म्हणून त्याच्यामागून फोमचा हात मारावाच लागतो.

शिकणाऱ्यासाठी फोमचा पॅडच योग्य, कारण त्यात कठीणपणाच्या पायऱ्या स्पष्ट मिळतात: कटिंग, पॉलिशिंग आणि फिनिशिंग. दुकानात पॅड हातात घेतल्यावर अंगठ्याने मधोमध दाबून पाहावे. कटिंग पॅड अंगठ्याला विरोध करतो आणि सोडताच झटकन उसळतो. फिनिशिंग पॅड लोण्यासारखा खाली जातो आणि सावकाश वर येतो. मग तो उजेडाकडे धरून छिद्रे पाहावीत. मोठी, उघडी छिद्रे असलेल्या फोममधून उष्णता बाहेर पडते, पण तो पॉलिश अधिक पितो. बंद छिद्रांचा फोम पॉलिश पृष्ठभागावरच धरून ठेवतो, मात्र लवकर तापतो. आपल्या हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली काम करताना, मी उघड्या छिद्रांचा फोम पसंत करतो.

येथे एका गोष्टीकडे नवशिक्यांनी नीट लक्ष द्यावे. पॅडचा रंग म्हणजे त्याचा कठीणपणा नव्हे. रुपेस या कंपनीच्या फोम पॅडमध्ये निळा सर्वांत खरखरीत, हिरवा मध्यम, पिवळा बारीक आणि पांढरा अतिबारीक असतो. लेक कंट्रीच्या जुन्या, सर्वपरिचित मालिकेत मात्र पिवळा हाच कटिंग पॅड आहे आणि पांढरा पॉलिशिंगसाठी आहे. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीचा पिवळा पॅड उचलून शेवटचा हात मारायला गेलेला माणूस तयार झालेल्या रंगावर पुन्हा कटिंग करून बसतो. म्हणून पॅड विकत आणल्या दिवशीच त्याच्या मागच्या वेल्क्रोवर न पुसणाऱ्या मार्करने त्याचे काम आणि त्याच्यासोबत वापरायचे द्रव्य लिहावे. एका पॅडवर एकच द्रव्य, हा नियम कधीही मोडू नये. कंपाउंड लागलेला पॅड कितीही धुतला तरी तो फिनिशिंगच्या कामाला घेऊ नये.

आकार, जाडी आणि मशीन यांचा मेळ

पॅडचा व्यास बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे मशीनवरच्या ज्या चकतीला तो चिकटतो तिच्यापेक्षा, थोडा मोठाच हवा. १२५ मिलिमीटरच्या, म्हणजे पाच इंची प्लेटवर साडेपाच इंची पॅड बसतो. चहूबाजूंनी फोमची कड बाहेर राहते आणि प्लेटची कठीण कड रंगाला लागत नाही. प्लेट आणि पॅड एकाच आकाराचे असतील तर दाराच्या मुठीजवळ किंवा बंपरच्या खोबणीत प्लेट आपटणारच. खांब, आरसे आणि बंपरच्या अरुंद भागांसाठी तीन इंची प्लेट व पॅड वेगळे ठेवावेत. पॅड प्लेटवर बरोबर मध्यावर बसवावा. थोडा जरी सरकून बसला तर मशीन थरथरते आणि फोम एका बाजूने झिजतो.

जाडीचा मुद्दा मुले सहसा विसरतात. डीए मशीनचे डोके स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या कक्षेत डोलतेही. जाड, मऊ पॅड हे डोलणे स्वतःतच जिरवून टाकतो आणि रंगापर्यंत त्यातले थोडेच पोहोचते. पातळ पॅड ते जसेच्या तसे पोहोचवतो. त्यामुळे मोठ्या कक्षेच्या मशीनवर पातळ पॅड घ्यावा आणि मधोमध छिद्र असलेला मिळाला तर उत्तमच, कारण सर्वांत जास्त उष्णता पॅडच्या मध्यभागी साठते आणि तेथेच वेल्क्रोचा गोंद आधी सुटतो.

एका मध्यम आकाराच्या गाडीसाठी किती पॅड लागतात, याचे माझे उत्तर ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो. साडेपाच इंची कटिंग पॅड किमान चार, पॉलिशिंगचे तीन, फिनिशिंगचे दोन आणि तीन इंची प्रत्येक प्रकारचे दोन-दोन असावेत. खिशाला हे जड वाटत असेल तर मशीन एक पायरी खालचे घ्यावे, पण पॅडच्या संख्येत काटकसर करू नये. एकाच पॅडवर संपूर्ण गाडी उरकणाऱ्याच्या हातात शेवटच्या दारापर्यंत फोम उरलेला नसतो, गरम चिखल भरलेला स्पंज उरलेला असतो.

रंगाला पॅड लावण्यापूर्वी

गाडी भरपूर पाणी आणि शांपू वापरून धुवावी. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांतील किंवा खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या रंगात लोहाचे कण रुतलेले असतात. त्यांवर लोहकण विरघळवणारे द्रावण फवारले की जांभळे ओघळ खाली उतरतात आणि ते थांबेपर्यंत काम पुढे नेऊ नये. किनाऱ्यालगतच्या गाडीवर मीठ आणि बारीक वाळू असते. त्यानंतर क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवून तळहाताला पृष्ठभाग काचेसारखा लागतो की नाही ते पाहावे, काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर टेप लावावी. या पायरीत राहिलेला एकच कण पॅडमध्ये शिरला, तर पॅड तो संपूर्ण बॉनेटभर गोल गोल ओढत नेतो.

चाचणीचा चौकोन

रंगाचा कठीणपणा गाडीगणिक बदलतो आणि तो नुसत्या नजरेने कळत नाही. म्हणून बॉनेटवर टेपने सुमारे दोन फूट बाय दोन फूट चौकोन आखावा आणि आपल्याजवळच्या सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने, सुरुवात करावी. चार ते सहा हात झाल्यावर पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने तेलाचा अंश काढून, बॅटरीच्या प्रखर उजेडात तिरप्या कोनातून पाहावे. तेल न काढता पाहिले तर ओरखडे बुजलेले दिसतात आणि आठवड्याने गाडी धुतली की पुन्हा वर येतात. ओरखडे उरले असतील तर आधी पॅड एक पायरी कठीण करावा, पॉलिश तेच ठेवावे. तरीही उरले तर कंपाउंडकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच फरक कशामुळे पडला हे कळते. योग्य जोडी सापडल्यावरच उरलेल्या गाडीला हात लावावा.

पॅड प्राइम करणे आणि फिरवणे

कोरडा पॅड रंगावर टेकवू नये. नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या फोमवर पॉलिशचे पाच-सहा थेंब टाकून ते स्वच्छ बोटाने संपूर्ण तोंडावर पातळ पसरावेत, म्हणजे प्रत्येक छिद्राच्या कडेला थोडे द्रव्य लागते. मायक्रोफायबरच्या बाबतीत तर एकही तंतू कोरडा राहणार नाही इतके चोळावे. त्यानंतर प्रत्येक चौकोनासाठी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त पॉलिश म्हणजे जास्त चमक, ही समजूत चुकीची आहे. पॉलिशने तुंबलेला पॅड रंगावर घसरतो, कापत नाही, आणि सगळीकडे शिंतोडे मात्र उडवतो.

मशीन बंद असताना पॅड रंगावर टेकवावा, सर्वांत कमी वेगावर द्रव्य पसरून घ्यावे आणि मग वेग वाढवावा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या सावकाश चालवावा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी यावी, एकदा आडवे आणि एकदा उभे जावे. डीए मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवावी. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसत असेल तर पॅड खरोखर फिरत आहे. रेघ जागेवर थरथरताना दिसली, तर दाब जास्त झाला आहे किंवा पॅड वक्र भागावर तिरका टेकला आहे आणि कटिंग जवळजवळ थांबले आहे. ही एक रेघ शिकणाऱ्याला पुष्कळ शिकवते. पत्र्याच्या कडांवर आणि उठावदार रेषांवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो, तेथे दाब देऊ नये. बंपरचे प्लॅस्टिक पत्र्याप्रमाणे उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तेथे कमी वेग, कमी हात आणि मधूनमधून तळहात टेकवून तापमान पाहणे, हे पथ्य पाळावे.

काम चालू असतानाची स्वच्छता

पॅडची निगा काम संपल्यावर सुरू होत नाही. ती पहिल्या चौकोनानंतर लगेच सुरू होते. घासून निघालेला क्लिअर कोट आणि झिजलेले पॉलिश पॅडच्या तोंडावर लिंपले जाते. प्रत्येक चौकोन संपला की मऊ नायलॉनचा ब्रश पॅडवर टेकवून मशीन कमी वेगाने काही सेकंद चालवावे, किंवा जाड टॉवेल पॅडवर दाबून धरून तेच करावे. कॉम्प्रेसर असेल तर तिरप्या झोताने हवा मारावी. मायक्रोफायबर आणि लोकरीसाठी हवेइतका चांगला उपाय नाही. हे करताना चष्मा आणि मास्क लावावा, आणि पॅडचे तोंड गाडीपासून दुसरीकडे ठेवावे. पॅड हाताला जड, ओलसर किंवा चटका बसेल इतका गरम लागला की तो बाजूला ठेवून दुसरा लावावा. माझ्याकडे दोन-तीन चौकोनांनंतर पॅड बदलतोच.

उतरवलेला पॅड तोंड वर करून स्वच्छ ताटात ठेवावा. जमिनीवर पडलेला पॅड त्या दिवशी पुन्हा वापरायचा नाही, ही शिस्त मी कोणासाठीही सैल करत नाही. आपल्याकडे चिऱ्यांच्या भिंती, तांबडी माती आणि उघडी दारे असल्यामुळे फरशी कितीही झाडली तरी बारीक कण असतातच. फोममध्ये शिरलेला कण झटकून निघत नाही.

धुणे

काम संपल्यावर पॅड त्याच दिवशी धुवावेत. ते लगेच जमत नसेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावेत, पण रात्रभर नाही, कारण तेवढ्या वेळात वेल्क्रोचा गोंद सैल पडतो. वाळलेले कंपाउंड छिद्रांमध्ये दगडासारखे घट्ट होते आणि मग ते काढताना फोमच फाटतो. पाणी कोमट असावे, उकळते नव्हे. पॅड धुण्याचे खास द्रावण मिळते. नसेल तर सर्वसाधारण क्लीनर दहापट पाण्यात मिसळून वापरला तरी चालते. ब्लीच, थिनर किंवा पेट्रोल चुकूनही वापरू नये. द्रावण टाकून अंगठ्यांनी मध्यापासून कडेकडे दाबत जावे, मऊ ब्रशने गोल घासावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहत्या नळाखाली धरावे. फोम दाबून पाणी काढावे. कपड्यासारखा पिळू नये. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी खारट असेल तर शेवटचे धुणे नळाच्या पाण्याने करावे. साबणाचा अंशही राहता कामा नये, कारण पुढच्या वेळी तो पॉलिशचे वंगण बिघडवतो.

वाळवणे आणि ठेवणे

गोव्यात पॅडचा खरा शत्रू ओल आहे. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात मी धुतलेले सहा पॅड वरवर कोरडे झाले असे समजून झाकणाच्या डब्यात भरले. आठ दिवसांनी डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला आणि दोन पॅडवर मिरीच्या दाण्याहून लहान काळे ठिपके होते. त्या दोघांना वगळून मी उरलेल्यांपैकी एक आमच्या थोरल्या भावाच्या काळ्या गाडीच्या मागच्या दारावर लावला. पाचव्या मिनिटाला फोम वेल्क्रोपासून सुटून उडाला आणि मला स्विच बंद करायला लागलेल्या क्षणभरात उघडी चकती दारावर फिरली. अर्ध्या चंद्राच्या आकाराचा तो घाव क्लिअर कोट पार करून रंगात गेला होता. दार पुन्हा रंगवावे लागले. ओलीने गोंद आतून कुजला होता आणि बाहेरून त्याची काहीच खूण नव्हती. तेव्हापासून पॅड लावण्यापूर्वी मी प्रत्येक वेळी फोमची कड दोन बोटांत धरून वेल्क्रोपासून हलकेच ओढून पाहतो.

धुतलेला पॅड आधी मशीनवर लावून रिकाम्या बादलीच्या आत धरावा आणि कमी वेगाने दहा-पंधरा सेकंद फिरवावा, म्हणजे आतले बरेचसे पाणी बाहेर फेकले जाते. हात कोरडे असावेत आणि वीजजोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा. नंतर जाळीच्या मांडणीवर फोमचे तोंड खाली आणि वेल्क्रो वर अशा रीतीने ठेवावा. उलटे ठेवले तर पाणी झिरपून गोंदाजवळ साठते. वरून पंखा सोडावा. उन्हात ठेवण्याचा मोह होतो, पण कडक उन्हाने फोम पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि गरम हवेचा झोत गोंद वितळवतो. मे महिन्यात पंख्याखाली एका रात्रीत पॅड वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना दोन दिवस, कधी तीनही लागतात. वाळला की नाही याची परीक्षा सोपी आहे: टिश्यू कागद पॅडवर ठेवून तळहाताने जोरात दाबावा आणि कागदावर ओलीची सावली उमटते का ते पाहावे.

पूर्ण वाळलेला पॅडच झिपच्या पिशवीत घालावा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग अशा वेगळ्या पिशव्या कराव्यात. पिशव्या एकमेकींवर रचून दाबू नयेत, नाहीतर मऊ फोमला कायमची घडी पडते. लोकरीचे पॅड विंचरून, घट्ट बंद पिशवीतच ठेवावेत, कारण त्यांना कसर लागते. पावसाळ्यात काम नसले तरी पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या पिशव्या उघडून वास घ्यावा आणि पुडी ओलावली असल्यास बदलावी.

पॅड कधी बाद करावा

फोमची कड वेल्क्रोपासून सुटू लागली, मध्यभाग खचला, दाबल्यावर फोम उसळत नाही, तोंडावर चीर पडली, काळे ठिपके आले किंवा वेल्क्रोचे तंतू पिंजल्यासारखे होऊन पकड सैल झाली, यांपैकी एक खूण दिसली तरी तो पॅड रंगासाठी संपला. काही पॅड पाच गाड्यांत जातात, काही पंधरा गाड्या टिकतात. मोजत बसण्यापेक्षा या खुणा पाहाव्यात. बाद पॅड मी टाकून देत नाही. वेल्क्रोवर मार्करने मोठी फुली मारून तो मधोमध कापतो, म्हणजे तो चुकूनही पुन्हा मशीनवर चढत नाही, आणि ते अर्धे तुकडे टायरला ड्रेसिंग लावायला किंवा दारांच्या खाचांतील चिखल काढायला वापरतो.